जाईसाठी बिळातला बेडूक

७ एप्रिल, सोमवार

प्रबोधच्या ऑफिसची ही डायरी कोरीच पडून होती, ती मी घेतली. घरात आम्ही नवराबायको दोघंच. अनुयाचा विषय काढला की हे उठून कॉरिडॉरमधल्या कुंड्यांना पाणी घालायला जातात. त्या पाण्याने तुळस कुजली. मग मी बोलू कुणाशी?

आमची मुलगी अनुया गेल्या वर्षी मार्चमध्ये गेली. सदतीस वर्षांची होती. इथे सिंगापूरला, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती, तिथेच एका पेशंटला चालवताना कोसळली. मेंदूत रक्तस्राव. आम्ही आंग मो किओच्या ह्या घरून टॅक्सीने पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याबद्दल एवढंच लिहिते.

तिची मुलगी जाई सात वर्षांची. जावई क्रेग मूळचा इंग्लंडमधल्या बार्न्सलीचा, इथे शाळेत विज्ञान शिकवतो. बापलेक नोव्हेनाला काँडोत, म्हणजे खासगी सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये राहतात. रोज शाळा सुटली की जाई बसने माझ्याकडे येते, सात वाजता क्रेग तिला घेऊन जातो. ही व्यवस्था मी लावली आणि मीच चालवते. मी नसते तर ह्या दोघांचे हालच झाले असते.

दोन आठवडे झाले, पोरगी माझ्याकडे जेवत नाही. मेतकूट-भात नको, धिरडं नको, शिरा नको. आज समोर बसवून विचारलं, काय हवं ते एकदाच सांग. म्हणाली, "टोड इन द होल."

"टोड म्हणजे बेडूक ना गं?"

"आजी, नॉट रिअल टोड लाह." इथल्या पोरांच्या बोलण्यात हे 'लाह' असतंच.

प्रबोध हसले. म्हणाले, "बिळातला बेडूक! कर आता." वर्षभरात त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

क्रेग घ्यायला आला तेव्हा विचारलं. अंडी, मैदा, दूध ह्यांचं पातळ पीठ करायचं, कडकडीत तेलात भाजलेली सॉसेजं ठेवायची, वरून पीठ ओतायचं, ओव्हनमध्ये फुगवायचं. म्हणजे आपलं धिरडंच, बेशिस्तीने केलेलं. सांगताना त्याचं लक्ष नव्हतं. दारात बूट घालत म्हणाला, "आई, तिने मागितलं का हे? खरंच?" मला तो आईच म्हणतो, अनुयाने शिकवलेलं.

ही त्याच्या आईची, मॉरीनबाईंची करणी. ख्रिसमसला येऊन महिनाभर राहिल्या होत्या, तेव्हा सवय लावली असणार. ठीक आहे. इथल्या मराठी मंडळात माझ्या पुरणपोळीला नाव आहे. हे काय अवघड?

१२ एप्रिल, शनिवार

ओव्हन रिकामा करायलाच अर्धा तास गेला. ह्या फ्लॅटमध्ये आल्यापासून त्यात कढया आणि पोळपाट ठेवतेय.

सॉसेज डुकराचं. आम्ही मासे-कोंबडी खातो, पण हे कधी घरात आणलं नव्हतं. हातात प्लॅस्टिकची पिशवी घालून ट्रेमध्ये लावली. पीठ छान पळीवाढं भिजवलं. फुगायला हवं म्हणून चिमूटभर खायचा सोडा टाकला, रंगाला हळद. सारखं दार उघडून पाहत होते. फुगलं नाही. पिवळा, ओलसर लगदा झाला. जाईला आज मुद्दाम बोलावलं होतं. तिने ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि "थँक यू, आजी" म्हणून भुकेलीच टीव्हीपुढे जाऊन बसली. हट्ट करायला हवा होता तिने. थँक यू कसलं?

त्या वासावरून आठवलं. लग्नानंतर एका रविवारी न सांगता अनुयाकडे गेले होते, तर घरभर हाच वास. "ह्या वासात कशी राहतेस गं," एवढंच म्हटलं होतं मी. त्यात काय एवढं? त्यानंतर रविवारी काही तिने आम्हाला बोलावलं नाही. आठवडाभर राबायची, तिला विश्रांती हवी असणार.

२० एप्रिल, रविवार

नाक मुठीत धरून मॉरीनबाईंना व्हिडिओ कॉल केला. त्यांचं इंग्रजी मला निम्मंच कळतं, माझं त्यांना. पण स्वयंपाकाचं बरोबर कळलं. सोडा नाही, हळद नाही. तेलातून धूर निघाला पाहिजे, पीठ पडताच फोडणीसारखं चर्र वाजलं पाहिजे. आणि मग पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही. हे त्यांनी बोट उगारून तीनदा सांगितलं. "आत काय चाललंय ते तुम्हाला कळायची गरज नाही, सुलेखा. त्याला त्याचं काम करू द्या."

बाई तशा वाईट नाहीत. फोन ठेवताना म्हणाल्या, "तुम्ही हे सगळं किती समजुतीने घेताय. मला नसतं जमलं." कसलं समजुतीने? शिकवत त्या होत्या. मागची खोली जाईसाठी पिवळी रंगवल्याचंही सांगत होत्या. जूनच्या सुट्टीत नेणार असतील. महिनाभरासाठी रंग कशाला लावायचा, पण हौस असते एकेकाला.

३० एप्रिल, बुधवार

प्रबोधना काय झालंय कळत नाही. दर बुधवारी अर्धी रजा काढून जाईला पोहायला नेतात. तिच्याकडून बाराखडी गिरवून घेतात. ती बोलत असली की हळूच फोनवर आवाज टिपतात. मी म्हटलं, "अहो, उद्या येणारच आहे ना ती?" तर कुंड्यांकडे गेले.

जाईने आज विचारलं, "आजी, तू बार्न्सलीला येशील?" म्हटलं, सुट्टीत तू जाऊन ये, मला तिथली थंडी सोसत नाही. ती काहीतरी बोलणार होती. मग स्वतःच तोंडावर हात ठेवला.

११ मे, रविवार

आज इथे मदर्स डे. शाळेत कार्ड करून घेतात. जाईने माझ्यासाठी केलं होतं, त्यावर 'आजी' देवनागरीत. प्रबोधची बाराखडी.

तिला आणि क्रेगला जेवायला बोलावून मी चौथ्यांदा केलं. दार उघडलं नाही. कडा वर आल्या, सोनेरी झाल्या. मला इतका आनंद झाला की ट्रे तसाच टेबलावर आणून ठेवला. जाईने चव घेतली, आणखी एक घास घेतला. मग म्हणाली, "गुड. बट मम्मीचं अजून उंच व्हायचं."

मी विचारलं, "मम्मीचं?"

"एव्हरी संडे."

क्रेग ताटात पाहत होता.

म्हणजे मॉरीनबाईंनी सवय लावली नव्हती. दर रविवारी माझी मुलगी हे करायची, सात-आठ वर्षं, इथून एमआरटीच्या मेट्रोने दहा-बारा मिनिटांवर, आणि मला ठाऊक नव्हतं. मी त्या घरात तो वास आलेला चालवून घेतला नाही, म्हणून तिने मला तो पुन्हा येऊ दिला नाही. फोनवर विचारायचे, "रविवारचं काय केलंस?" म्हणायची, "काही नाही गं, साधंच."

१ जून, रविवार

क्रेग एकटाच आला. प्रबोधनी दार उघडलं आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

म्हणाला, "आई, आम्ही जातोय. कायमचं. अठ्ठावीस तारखेचं विमान आहे. तिथे मला शाळा मिळाली आहे. मॉरीनच्या दोन गल्ल्या पलीकडे घर घेतोय."

मी विचारलं, "कुणाला विचारून?"

"मी तुम्हाला फेब्रुवारीपासून सांगायचा प्रयत्न करतोय."

"माझी मुलगी गेली. आता नात नेतोस? आणि तिला रोज सांभाळलं कुणी?"

"तुम्ही. सगळं तुम्हीच." तो रडत होता, ते मला अजिबात बघवलं नाही. "त्या काँडोच्या प्रत्येक खोलीत ती आहे, आई. लिफ्टमध्ये आहे. कामावर जाताना रोज तिचं हॉस्पिटल दिसतं. मी शाळेत मुलांना शिकवतो आणि घरी येऊन बाथरूममध्ये बसून राहतो. जाई दाराबाहेर येऊन बसते. सात वर्षांची मुलगी बापावर पहारा करते. हे मला थांबवायचंय. माझ्या माणसांत गेलो नाही तर मी बुडेन."

"आम्ही तुझी माणसं नाही?"

तो उठला आणि गेला.

मग प्रबोध म्हणाले, "मला त्याने मार्चमध्ये सांगितलं होतं." शांतपणे म्हणाले. "जाईलाही तेव्हाच सांगितलं. तुला त्यानेच सांगावं असं ठरलं होतं. मी तुला सांगू शकलो नाही, सुलेखा. तू तो ओव्हन मोकळा करत होतीस."

आज मी स्वयंपाक केला नाही.

४ जून, बुधवार

तीन दिवस जाईला आणू नका म्हणून सांगितलं. शिक्षा क्रेगला द्यायची होती. आज प्रबोध म्हणाले, "चोवीस दिवस उरलेत. तीन तू आधीच वाया घालवलेस." मी चप्पल घातली आणि नोव्हेनाला जाऊन तिला घेऊन आले.

७ जून, शनिवार

तिघं वुडलँड्सहून बसने सीमेपलीकडे जोहोरला गेलो. जाईला खूप दिवसांपासून पुलावरून दुसऱ्या देशात जायचं होतं. क्रेगने तिचा पासपोर्ट दिला होता. रांगेत तिने तो स्वतःच्या हातात धरला, "मी बिग झाले." अधिकाऱ्यालाही स्वतःच दिला. ढीगभर खाल्लं, आम्ही तिला टाचेवर चाकं असलेले बूट घेऊन दिले. येताना माझ्या मांडीवर झोपली. आता तिचे पाय बसच्या वाटेत येतात.

१२ जून, गुरुवार

क्रेगचा फोन. जाईचा पासपोर्ट तुमच्याकडे राहिलाय का?

माझ्या पर्समध्ये आहे; बसमध्ये ती झोपली तेव्हा तिच्या हातातून काढून मीच ठेवला होता. मी म्हटलं, "नाही, तिच्याच हातात होता." फोन ठेवला आणि पासपोर्ट पर्समधून काढून माझ्या शालूच्या घडीत ठेवला.

हे मी लिहितेय, म्हणजे मला कळतंय मी काय केलं. विमान चुकेल. नवीन पासपोर्टला वेळ लागेल. तेवढ्या वेळात माणसाचा विचार बदलू शकतो. मी कुणाचं काही चोरलेलं नाही. फक्त वेळ मागतेय.

१४ जून, शनिवार

क्रेगने सगळं घर उलथंपालथं केलं. प्रबोध जोहोरच्या बसस्टँडपर्यंत जाऊन चौकशी करून आले. चौसष्ट वर्षांचा माणूस उन्हात चार तास रांगेत उभा राहिला. आल्यावर त्यांना सरबत दिलं. साखर किती, तेही नेहमीसारखं विचारलं.

१७ जून, मंगळवार

सकाळी क्रेग जाईला सोडून गेला. डोळे सुजलेले, तिचे आणि त्याचेही. ती सरळ बाथरूममध्ये गेली, बराच वेळ बाहेर आली नाही. दार ढकललं, तर फरशीवर बसली होती. बाप बसतो तशीच असणार.

"आजी, मी पासपोर्ट लॉस केला. डॅडी म्हणतो इट्स ओके. बट ही इज क्राइंग." मग म्हणाली, "मम्मी पण माझ्यामुळेच गेली का? त्या दिवशी मी शूज घालायला लेट केलं. तिला रनिंग करून जायला लागलं."

वर्षभर हे पोटात घेऊन ही माझ्या टेबलाशी बसत होती, आणि मी तिला विचारत होते, मेतकूट-भात का नको?

मी तिथेच ओल्या फरशीवर बसले. तिला जवळ घेतलं. सांगितलं, "मम्मीच्या डोक्यातली एक नस आधीपासून कच्ची होती. तू शूज लवकर घातले असतेस तरी तेच झालं असतं. कुणामुळे नाही." ती म्हणाली, "पक्का?" म्हटलं, "पक्का." मग उठले, शालूतून पासपोर्ट काढला आणि तिच्या हातात दिला. "हा तू हरवला नाहीस. आजीने लपवला होता."

"व्हाय?"

"तू जाऊ नयेस म्हणून."

रागावली असती तर बरं झालं असतं. माझ्या डोक्यावरून हात फिरवला तिने, जसा मी फिरवते.

संध्याकाळी क्रेगलाही मीच सांगितलं, दारात उभं राहून. तो भिंतीला टेकला. म्हणाला, "पाच दिवस मी तिला सांगत होतो की तिची चूक नाही, आणि मनात रागावत होतो. सात वर्षांच्या मुलीवर, आई." मी माफी मागितली. त्याने दिली नाही. दिलीच पाहिजे असं काही नाही.

प्रबोधनी मात्र आज कुंड्यांकडे न जाता माझ्याशेजारी खुर्ची ओढली. कितीतरी वेळ अनुयाबद्दल बोललो. तिच्या पहिल्या सायकलपासून सुरुवात केली.

२२ जून, रविवार

वाटलं नव्हतं, पण क्रेगने बोलावलं. अर्धं घर खोक्यांत. म्हणाला, "स्वयंपाकघर अजून बांधलेलं नाही. आज तुम्ही करा, जाईला हवंय." रविवारी, अनुयाच्या घरी, तिच्या ओव्हनमध्ये, मी.

पीठ फेटलं आणि लगेच ओतायला निघाले. क्रेगने हात धरला. "अर्धा तास झाकून ठेवायचं. अनुया ठेवायची."

"मॉरीनबाईंनी तर सांगितलं नव्हतं असं."

"मॉरीन ठेवतच नाही. ती अनुयाची पद्धत." मग थांबून म्हणाला, "ती म्हणायची, माझी आई धिरड्याचं पीठ अर्धा तास मुरू देते, आणि तिचं कधीच बिघडत नाही. दर रविवारी म्हणायची. मी आणि जाई पाठ म्हणायचो तिच्याबरोबर."

मी सिंककडे तोंड करून उभी राहिले. नळ सोडला.

माझ्यापासून लपवून केलेल्या पदार्थातसुद्धा माझी मुलगी मला घेत होती. दर आठवड्याला माझं नाव काढत होती. आणि मी नवीन पदार्थ म्हणून माझीच रीत मोडून, घाईघाईत ओतत होते. हे मला तिने सांगितलं असतं. मी एकदा येऊन जेवले असते, तर तिने सांगितलं असतं.

अर्धा तास थांबलो. तेलाला धूर आला, पीठ चर्र वाजलं. जाई ओव्हनसमोर फरशीवर मांडी घालून बसली. अनुया तशी बसायची म्हणे तिच्याबरोबर. मला खाली बसायला गुडघ्यांनी वेळ घेतला, पण बसले. काचेतून कडा हळूहळू वर आल्या, सॉसेजांच्याही वर, ट्रेच्या बाहेर. जाईने माझा हात घट्ट धरला होता. "टॉल, आजी. सेम हाइट."

चौघांनी सगळा ट्रे संपवला. प्रबोधनी दोनदा घेतलं. मीही खाल्लं. चांगलं लागतं. किती चांगलं लागतं, आणि सांगायचं कुणाला?

२८ जून, शनिवार

चांगी विमानतळ. जाईला सांगितलं, दात घास, मॉरीन आजीचं ऐक. आत जाण्याआधी क्रेगने वाकून माझ्या पायाला हात लावला. कुणी शिकवलं ते विचारायला नको. म्हणाला, "आई, त्या पाच दिवसांचं अजून जात नाही माझ्या मनातून. पण जाईल." मी म्हटलं, "सावकाश जाऊ दे."

काचेपलीकडे जाई वळली, हात हलवला. मग एक मोठा ग्रुप मध्ये आला. तो पांगला तेव्हा दोघं नव्हते.

३० जून, सोमवार

शाळा सुरू झाल्या. दीड वाजता मी खाली बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. बस आली, दार उघडलं. ड्रायव्हर अंकलने माझ्याकडे पाहिलं. दुसरी मुलं उतरली आणि बस गेली.

१७ ऑगस्ट, रविवार

दर रविवारी आमच्या पाचला, त्यांच्या सकाळी दहाला कॉल असतो. पहिल्या आठवड्यांत जाई फोन सोडायची नाही. पिवळी खोली, बाग, शेजारचं मांजर, सगळं दाखवायची.

आज दोन मिनिटं बोलली. दाराची घंटा वाजली, बाहेरून कुणीतरी मुलीने हाक मारली. "आजी, ती माझी फ्रेंड. आय गो फर्स्ट, ओके? बाय!" आणि पळाली. पळताना हसत होती. अनुया गेल्यापासून तिचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं.

स्क्रीनवर रिकामी खुर्ची आणि मागे उघडं दार. फोन कुणी बंद केला नव्हता. मलाही करवेना. बाहेरून पोरींचा आवाज येत होता, एकही शब्द कळत नव्हता.

थोड्या वेळाने मॉरीनबाई आल्या. ॲप्रनला हात पुसत त्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "गेली खेळायला. हल्ली जेवते छान. क्रेगही रात्री झोपतो."

"चांगलं आहे," मी म्हटलं. खरंच चांगलं आहे. हेच हवं होतं ना मला?

आणि मग मला रडू फुटलं. हॉस्पिटलात नाही आलं, विमानतळावर नाही आलं, ते सगळं आत्ता आलं, ह्या परक्या बाईसमोर. पदर तोंडात कोंबला तरी थांबेना.

मॉरीनबाईंनी समजूत घातली नाही, फोनही ठेवला नाही. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि माझं रडणं संपेपर्यंत तशाच समोर बसून राहिल्या.